पिल्लू आणि गोदामातली मनी

पुण्याच्या मार्केट यार्डात धान्याचा व्यापार असलेल्या एका श्रावक कुटुंबात ऐन चातुर्मासात पेच उभा राहिला. बारा वर्षांची नात शाळेबरोबर प्राणी वाचवणाऱ्या एका संस्थेत गेली होती. तेथे दोन महिन्यांचे एक करडे पिल्लू तिच्या वेणीच्या रिबिनीशी झुंजले, दमले आणि तिच्याच मांडीत झोपी गेले. ती घरी परतली ती एकच हट्ट घेऊन : हे पिल्लू आपल्याकडे आणायचे.

वडिलांना त्यात काही वावगे वाटले नाही. निराधार जिवाला आसरा देणे हे पुण्यच. रविवारी सारे कुटुंब संस्थेत गेले. पिल्लाने आजींच्या पदराचा काठ पकडून त्यांनाही हसवले. तेथील कार्यकर्तीने अटी सांगितल्या. खिडक्यांना जाळी हवी, लसी वेळेवर द्यायला हव्यात, पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर नसबंदी करायला हवी. शेवटी तिने विचारले, ‘‘खायला काय देणार?’’

‘‘दूध-भात. दुसरे काय?’’ आजी म्हणाल्या.

कार्यकर्ती नम्रपणे, पण स्पष्ट बोलली. मांजर निसर्गतःच मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे पोषकद्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांसातून मिळते. ते कमी पडले तर दृष्टी अधू होते, हृदय दुबळे होते. गाईचे दूधही पुष्कळ पिल्लांना पचत नाही. टॉरिन मिसळलेले शाकाहारी खाद्य बाजारात मिळते. पण वाढत्या पिल्लाला केवळ त्यावर ठेवण्यास संस्थेचे पशुवैद्य तयार नव्हते.

त्या रात्री प्रतिक्रमणानंतर घरात बराच वेळ बोलणे चालले. आजींनी दिल्लीच्या पक्षी रुग्णालयाची आठवण सांगितली. लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन मंदिरातील त्या रुग्णालयात जखमी पक्ष्यांवर उपचार होतात. शाकाहारी पक्ष्यांना तेथे ठेवून घेतात. मांसाहारी पक्ष्यांवरही उपचार होतात, परंतु त्यांना मुक्कामी ठेवत नाहीत. कोणाही जिवाला दारातून परत पाठवायचे नाही आणि आपले व्रतही सोडायचे नाही, असा तो मार्ग आहे.

नातीने थोडा विचार केला. ‘‘तिला आपल्यासारखे केले तर ती आजारी पडेल. तिला तिच्यासारखे राहू दिले तर आपल्या घरात मांस येईल. मग तिला दुसरे घर मिळू दे. तिच्या लसींचे पैसे मात्र माझ्या गल्ल्यातून द्या.’’ वडिलांनी समाधानाने मान डोलावली. तोच तिने पुढचा प्रश्न केला, ‘‘पण पप्पा, गोदामातली मनी काय खाते?’’

घरात शांतता पसरली. मनी गोदामात कित्येक वर्षे होती. तिला कोणी पाळले नव्हते आणि हाकललेही नव्हते. ती होती म्हणून पोती शाबूत राहत. वर्षातून दोनदा तिला पिल्ले होत आणि त्यांतील बहुतेक यार्डातील ट्रकांखाली जात. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाला वर्ज्य अशी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांतील ‘असतीपोषणा’त, द्रव्यप्राप्तीसाठी मांजर-कुत्र्यांसारखे प्राणी पोसणेही येते. आठवडाभर चर्चा झाली ती प्रेमापोटी आणायच्या पिल्लाची. नफ्यासाठी ठेवलेल्या मांजरीचा प्रश्न मात्र कोणालाच पडला नव्हता.

पर्युषणापूर्वी गोदामाचे काम निघाले. भिंतींची बिळे सिमेंटने बुजवली, दारांच्या फटींना पत्रा लावला, झरोक्यांना बारीक जाळी बसवली, पोती जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर रचली. संस्थेच्या मदतीने मनीची नसबंदी झाली आणि तिला पुन्हा यार्डाच्या आवारात सोडण्यात आले. करड्या पिल्लालाही लवकरच दुसरे घर मिळाले.

मनी अजूनही कशावर तरी जगतेच. त्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही वहीत सापडत नाही. परंतु तिच्या शिकारीची रक्कम आता पेढीच्या जमेच्या बाजूला पडत नाही. संवत्सरीला सर्व जिवांची क्षमा मागताना वडील क्षणभर अधिक थांबले, हे आजींच्या नजरेतून सुटले नाही.