विश्लेषण : सेप्टिक टाकी ‘भरत नाही’ म्हणून निर्धास्त आहात? धोका तिथेच आहे!

डिजिटल डेस्क : महाराष्ट्राचा ग्रामीण भाग एप्रिल २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. घरोघरी शौचालये आली. मात्र नसरापूर-वेल्हे रस्त्यावरील विंझरसारख्या डोंगरपट्ट्यातील गावांसमोर आता पुढचा प्रश्न आहे. अंगणाखालच्या टाकीतला मैला कधी, कसा आणि कुठे न्यायचा?

टाकीत नेमके काय होते?

सेप्टिक टाकी ही साठवणीची टाकी नाही. वापर सुरू झाल्यावर ती पाण्याने भरते आणि पुढे कायम भरलेलीच राहते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. तळाचा काही मैला जिवाणू कुजवतात, पण उरलेला गाळ वाढतच जातो.

त्यामुळे ‘आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही’ ही कौतुकाची गोष्ट नाही. अशा वेळी बहुधा गाळ शोषखड्ड्यात वाहून जात असतो किंवा टाकीचा तळ पक्का नसल्याने मैला जमिनीत मुरत असतो. मुरमाखाली कातळ असेल, तर भेगांमधून तो विहिरीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर असावा.

किती वर्षांनी उपसावी?

साधारण दर दोन-तीन वर्षांनी. गाळाने पाण्याच्या खोलीचा एक तृतीयांश भाग व्यापला, की टँकर बोलवावा. बाजारात मिळणारी पावडर टाकली म्हणून उपसा टळत नाही. सॅनिटरी पॅड, डायपर आणि प्लास्टिक टाकीत जाऊ देऊ नये. अ‍ॅसिड आणि फिनाइलचा मारा केल्यास मैला कुजवणारे जिवाणूच मरतात.

तुमच्याकडे दोन खड्ड्यांचे शौचालय असेल, तर हिशेब वेगळा. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत खत होते. त्यासाठी टँकर लागत नाही.

उन्हाळ्यातच का?

मावळपट्ट्यात पावसाळ्यात जमीन पाण्याने तुडुंब होते. शोषखड्डा पाणी घेत नाही आणि घाण पाणी शौचालयात उलटे येते. प्लास्टिकची हलकी टाकी भर पावसात पूर्ण रिकामी केली, तर खालच्या पाण्याच्या दाबाने ती वर उचलली जाऊ शकते. शिवाय चिखलात टँकर वाडीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मे अखेरपर्यंत उपसा उरकलेला बरा.

माणूस का उतरवायचा नाही?

टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात, प्राणवायू कमी असतो. विषारी वायूचे प्रमाण वाढले की वास येणेच बंद होते. त्यामुळे पहिला माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही सापडतो. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्ह्यातील लोणी काळभोरजवळ अशाच एका टाकीने चौघांचा बळी घेतला. झाकण उघडताना विडी किंवा काडी पेटवू नये, कारण मिथेन पेट घेतो.

२०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

उपसलेला मैला जातो कुठे?

खरी मेख इथे आहे. टँकर ओढ्यात रिकामा झाला, तर आपल्या अंगणातली घाण खालच्या गावाच्या पाण्यात जाते. भोरहून मांढरदेवीचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या वाईत यावर उत्तर शोधले गेले. तिथे २०१८ मध्ये रोज ७० हजार लिटर क्षमतेचे मैला प्रक्रिया केंद्र सुरू झाले. ‘बोलावल्यावर टँकर’ ऐवजी घरांच्या टाक्या तीन वर्षांच्या फेऱ्यात पाळीपाळीने उपसण्याची पद्धतही आली.

वाई नगरपरिषद आहे. एकट्या ग्रामपंचायतीला असे केंद्र झेपणार नाही. पण टाक्यांची नोंद ठेवणे, आसपासच्या गावांनी मिळून टँकर ठरवणे आणि तो कुठे रिकामा होतो याचा हिशेब मागणे, एवढे तर जमण्यासारखे आहे. पुढच्या ग्रामसभेत विचारायला हा प्रश्न पुरेसा आहे : आपल्या गावात टाक्या किती आणि त्यातल्या किती शेवटच्या कधी उपसल्या?