आधी मूळ कागद दाखवा!

युरोपातील ज्ञानोदयाचा काळ आणि त्यानंतरचे क्रांतिपर्व हा विषय आता केवळ महानगरातील महाविद्यालयांपुरता उरलेला नाही. राज्य मंडळाने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाने पहिल्याच प्रकरणात देकार्त आणि व्हॉल्टेअर यांची ओळख करून दिली. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडचा विद्यार्थी ही नावे वाचतो आणि अधिक माहितीसाठी भ्रमणध्वनी हाती घेतो. गावात संदर्भग्रंथांनी भरलेले ग्रंथालय नसले तरी महाजाल आहे. प्रश्न एवढाच की, त्या महाजालावरील कोणत्या संकेतस्थळावर त्याने विश्वास ठेवायचा? या प्रश्नाचे उत्तर ना शाळा देते, ना घर. ज्यांनी ते द्यायचे तेच अनेकदा आलेला मजकूर न तपासता पुढे पाठवण्यात मग्न असतात.

वस्तुतः या कालखंडाइतकी बनावट अवतरणे क्वचितच दुसऱ्या कालखंडाच्या वाट्याला आली असतील. मतभेद असूनही दुसऱ्याच्या बोलण्याच्या हक्कासाठी प्राण पणाला लावण्याची भाषा व्हॉल्टेअरच्या नावावर सर्रास खपते. प्रत्यक्षात ते वाक्य इव्हलिन बिॲट्रिस हॉल या लेखिकेने व्हॉल्टेअरची वृत्ती सांगण्यासाठी १९०६ मध्ये लिहिले. भुकेल्या प्रजेला पाव नसेल तर केक खाण्याचा सल्ला मारी आंत्वानेतने दिला, हीही तशीच दंतकथा. रूसोने आपल्या आत्मचरित्रात हा किस्सा कोणा अनाम राजकन्येविषयी लिहिला, तेव्हा १७५५ मध्ये जन्मलेली आंत्वानेत फ्रान्समध्ये आलेलीही नव्हती. जे संकेतस्थळ ही दोन अवतरणे निःशंकपणे छापते, त्याच्या उर्वरित मजकुराची काय प्रतिष्ठा मानावी?

याचा अर्थ विदेशी संकेतस्थळे टाकाऊ आहेत असा नव्हे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘गॅलिका’ मूळ ग्रंथांची व वृत्तपत्रांची छायाचित्रेच वाचकापुढे ठेवते. येल विद्यापीठाचा ‘ॲव्हलॉन’ प्रकल्प जाहीरनामे आणि तह यांच्या संहिता देतो. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या सहभागातून उभे राहिलेले फ्रेंच राज्यक्रांतीविषयीचे स्थळ शेकडो कागद आणि चित्रे इंग्रजीतून उपलब्ध करून देते. जे चांगले आहे ते चांगले म्हणण्यात कसला कमीपणा?

परंतु एवढ्यावर थांबता येत नाही. कोणते कागद दाखवले जातात याइतकेच कोणते झाकले जातात, हेही पाहावे लागते. अनेक लोकप्रिय स्थळांवर १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा ठळकपणे झळकतो, पण फ्रेंच वसाहतींतील गुलामी त्यानंतरही चालू राहिली, हे तळटिपेत जाते. १७९१ मध्ये सेंट डोमिंगमधील गुलामांनी उठाव केला. १७९४ मध्ये पॅरिसने गुलामी रद्द केली आणि १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा लादली. अखेर १८०४ मध्ये स्वतंत्र हैती जन्मास आले. सर्व माणसे समान असल्याचे लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले. हे न सांगणारे संकेतस्थळ इतिहास शिकवत नाही, ते आरती ओवाळते.

आणि या क्रांतीचा मराठवाड्याशी काहीच संबंध नाही, असे कोणी समजू नये. मार्च १७९५ मध्ये बीडच्या शेजारी खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या लढाईत निजामाच्या बाजूने रेमंड या फ्रेंच अधिकाऱ्याच्या कवायती पलटणी होत्या. या पलटणी फ्रेंच प्रजासत्ताकाचे निशाण मिरवतात, ही धास्ती इंग्रजांना इतकी होती की, ऑक्टोबर १७९८ मध्ये हैदराबादेत त्यांनी त्या निःशस्त्र करून मोडल्या. पुढे १९४८ पर्यंत बीड ज्या निजामी राजवटीखाली राहिले, तिच्या गळ्यात इंग्रजी तैनाती फौजेचा फास बसला तो याच घडामोडीत. विद्यार्थ्याला बॅस्टिल ठाऊक असते, खर्डा नसतो. हा दोष विद्यार्थ्याचा म्हणायचा काय?

मात्र इतरांकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात, हेही पाहिले पाहिजे. भारतभर फिरून आपल्याला एकही भिकारी वा चोर दिसला नाही, असे मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत सांगितल्याचा मजकूर राष्ट्राभिमानी मंडळींत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो बनावट आहे. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हे, कलकत्त्यात होता. त्याच तारखेचे त्याचे शिक्षणविषयक खरे टिपण उपलब्ध आहे आणि भारतीय विद्येविषयीची त्याची तुच्छता त्यात शब्दाशब्दांतून दिसते. खरा पुरावा हाती असताना खोट्याचा आधार घेणे म्हणजे जिंकलेला खटला स्वतःच्या हाताने हरणे होय.

व्हॉल्टेअरचेच दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. त्याने केलेली भारताची स्तुती अनेक स्थळे अभिमानाने छापतात. पण तिचा एक मोठा आधार होता ‘एझूरवेदम्’ नावाची पोथी, जी त्याला १७६० मध्ये मिळाली. प्राचीन वेद म्हणून त्याने गौरवलेली ही पोथी वेद नव्हतीच. ती ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या वर्तुळातली, मूर्तिपूजेच्या खंडनासाठी रचलेली निघाली. चिकित्सेचा महामेरू म्हणवणाराही आवडता निष्कर्ष मिळताच फसला! स्तुती करणारा साक्षीदारही उलटतपासणीला उभा करावाच लागतो.

कोणी म्हणेल, एवढी छाननी खेड्यातील मुलाने कशी करावी? त्यासाठी विदेशी कसोटीची गरज नाही. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध करणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती घालून दिली आहे. आधी अस्सल कागद, मग विधान. दहावीच्या मुलाला चार प्रश्न पुरेत. लिहिणारा कोण? मूळ कागद दाखवला आहे काय? तो कोणत्या सालचा? आणि दुसरी बाजू मांडली आहे काय? मराठीत आरंभ करायचा तर मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य आहे.

स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाही, ती भगवान बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरून स्पष्ट सांगितले होते. जगाचे सारे वाचून, पारखून मगच त्यांनी ते सांगितले. दिंद्रुडच्या विद्यार्थ्याच्या हाती आज साधन आले आहे, पारख यायची आहे. ती त्याला घरातून मिळायची असेल, तर पुढच्या वेळी भ्रमणध्वनीवर आलेला अभिमानास्पद मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनीच आधी विचारावे : मूळ कागद कुठे आहे?