फिजिओथेरपीची तयारी अकरावीतच, आणि ती फक्त नीटची नव्हे

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढले : फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. दोन्ही बाजूंनी सोशल मीडियावर बरीच धूळ उडाली. आपली मुलेही त्यात होती. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. त्या पदवीपर्यंत आपल्यातले किती जण पोहोचणार?

कारण दार आता बदलते आहे. 2021 च्या कायद्याने संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला. त्याच्या 2025 च्या अभ्यासक्रमात ही पदवी इंटर्नशिपसह पाच वर्षांची आहे आणि प्रवेश नीटमधून. महाराष्ट्रात साडेचार वर्षांचा कोर्स होता, नीट मात्र इथे आधीपासून आहेच. म्हणजे घरखर्चाचा हिशेब आता पाच वर्षांचा मांडायचा. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजला जात असेल, तर वाढलेले सहा महिने थोडे नसतात.

वस्तीतल्या अभ्यासिकेत मी दरवर्षी पाहते, ‘एमबीबीएस नाही लागलं तर फिजिओ’ असे म्हणत मुले निकालानंतर जागी होतात. तेव्हा मार्कांपेक्षा कागद आडवे येतात. राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. समिती अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागते. आता ज्या आजोबांना शाळेत कुणी बसूच दिले नाही, त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? मग पणजोबांची जन्म-मृत्यू नोंद, कोतवाल बुक, गावच्या महसुली नोंदी शोधाव्या लागतात. धर्मांतरानंतरच्या दाखल्यांवर कुठे ‘बौद्ध’, कुठे ‘नवबौद्ध’, कुठे जुनी जात. आडनाव बदलले असेल तर शपथपत्र वेगळे. हे काम जुलैत, प्रवेश फेरी चालू असताना होत नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज करता येतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झाली असेल तर ती प्रत आधी मागून घ्या. चुलत्याशी बोलणे बंद असेल तर सुरू करा, एवढ्यासाठी तरी!

पैशाचेही असेच. सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांत जागा थोड्या, बहुतेक जागा खासगीत. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. केंद्राचा 60 टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. खाते आधारशी जोडलेले नसेल तर तो अडकतो, आणि कॉलेज तगादा लावते. तो जमा झाल्यावर घरच्या अडचणीत खर्च झाला, तर वर्षाअखेर मार्कशीट अडवली जाते. आमच्या ओळखीच्या एका मुलीचे असे एक वर्ष गेले. तिला दोष देण्याआधी त्या महिन्यात तिच्या घरात काय चालले होते ते बघावे. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज त्याच वर्षी करावा.

आणि अभ्यास. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सगळे इंग्रजीत. मराठी माध्यमातली मुले इथे गळतात, हुशारी कमी म्हणून नव्हे. स्नायूंची, हाडांची नावे आधी कानावरून गेलेली नसतात. बारावीनंतरच्या सुट्टीत जुने पुस्तक घेऊन रोज दहा नावे आकृती काढून पाठ केली तरी फरक पडतो. त्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या फिजिओ विभागात परवानगी घेऊन दोन दिवस बसावे. पक्षाघात झालेल्या माणसाचा हात तिसऱ्या आठवड्यात बोटभर हलतो, त्यासाठी रोज तेच ते करून घ्यावे लागते. हे काम आपल्याला झेपेल का, आवडेल का, ते तिथे कळते. एमबीबीएस हुकले म्हणून आलेल्यांना ते अनेकदा दुसऱ्या वर्षी कळते.

येत्या रविवारी विहारात अकरावी-बारावीची मुले बसतील तेव्हा नीटच्या वेळापत्रकाआधी प्रत्येकाला एकच विचारायचे ठरवले आहे : आजोबांचा कोणता कागद घरात आहे?