नाथसागरातली खरबी

मासा म्हटला की पाठ्यपुस्तकात रोहू आणि प्रयोगशाळेतल्या बरणीत समुद्रघोडा! समुद्रघोडा जरूर पाहावा. परंतु गंगापूर तालुक्यातल्या विद्यार्थ्याने खरबी पाहिलेली नसावी, हे काही मला पटत नाही.

खरबी ही गोबी कुळातली. कोकणात खाडीच्या उथळ, संथ पाण्यात या कुळातले बोटभर मासे विपुल असतात. चिखलावर उड्या मारणारी निवटी त्यांचीच आप्त. यांतली ग्लॉसोगोबियस गियुरिस ही जात मात्र खाडीत राहते तशीच गोड्या पाण्यातही. हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली तिचे वर्णन केले. आपली गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते हजारांहून अधिक किलोमीटर पलीकडे. तरी नाथसागरात ही खरबी आहेच.

ओळखायची कशी? डोके मरळीसारखे चपटे, खालचा जबडा पुढे आलेला, अंगावर तपकिरी डाग. मरळीच्या पाठीवर एकच लांब पर असतो, हिच्या पाठीवर दोन. खरी खूण पोटाखाली आहे. मासा हलकेच उताणा करा. दोन्ही श्रोणिपर जुळून त्यांची वाटी झालेली दिसेल. लाटांत आणि प्रवाहात दगडाला धरून राहायला गोबींना ही वाटी उपयोगी पडते. अनुकूलनावरची दोन पाने उतरवून घेण्यापेक्षा हे एक निरीक्षण मोलाचे.

कुणी म्हणेल, हिला रोहूसारखा भाव नाही, शिवाय ही लहान मासे खाते. म्हणजे मत्स्यबीजाची शत्रूच! हा हिशेब अपुरा आहे. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पुरे झाले आणि वाहत्या नदीचा जलाशय झाला. त्यात कटला-रोहूचे बीज सोडतात, ते मोजून. पण ज्याला भाव नाही त्या माशाकडे तराजू पाहत नाही. तो कमी झाला तर कळणार कसे? तळाच्या वाळूत दबून बसणाऱ्या माशाला वाळूउपशाची झळ तर आधी लागणार.

म्हणून कायगाव-टोक्याच्या आसपासच्या शाळांनी माशांची नोंदवही ठेवावी. जाळी काठावर आली की भोयांना माशांची त्यांच्याकडची नावे विचारावीत, लांबी मोजावी, तळ वाळूचा की चिखलाचा ते लिहावे आणि मासा ज्याचा त्याला परत द्यावा. फॉर्मॅलिन नको, पाण्यात उतरणे तर नकोच. अभ्यासक्रम पुरा कधी करायचा, असे गुरुजी विचारतील. वर्षातले चार रविवार पुरेत. पहिला रविवार पावसाळ्यानंतर, पाणी निवळल्यावरचा धरावा.