साखरेचा आकडा आणि शासनाचे कर्तव्य

२०१३ साली अमेरिकेतील जॉन कॉस्टिक या अभियंत्याने आपल्या मधुमेही बालकाची साखर कचेरीत बसून पाहता यावी, अशी युक्ती योजिली. तिच्यातूनच ‘नाइटस्काउट’ ही संगणकप्रणाली उभी राहिली. अंगावर बसविलेला सेन्सर दर ५ मिनिटांनी साखर मोजतो व तो आकडा दूरच्या मोबाइलवर उमटतो. ही प्रणाली सर्वांस खुली व विनामूल्य आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरसाल ऊसतोडीस परमुलखी जातात. मुले आजी-आजोबांपाशी राहतात. त्यांतील एखादे इन्शुलिनवर जगणारे असेल, तर रात्री त्याची साखर उतरल्याचे आईबापांना कळावे कसे? आता कळू शकेल. परंतु फुकट आहे ती प्रणाली, सेन्सर नव्हे! तो दर दहा-पंधरा दिवसांनी बदलावा लागतो. मजुराला हा खर्च झेपणारा नाही. शिवाय फडावर आकडा दिसला, तरी मुलाच्या तोंडात साखर घालणारा हात गावातच हवा.

तेव्हा अशा मुलांना जिल्हा रुग्णालयातून सेन्सर विनामूल्य मिळावेत आणि गावोगावच्या आशा सेविकांस त्याचे शिक्षण द्यावे, अशी आमची शासनास आग्रहाची सूचना आहे. परक्या अभियंत्यांनी आपले ज्ञान मोफत दिले. शासनाने निदान साधन द्यावे.