पंप बंद झाला, पण जमिनीखालच्या टाकीचं काय?

बंद पडलेला पेट्रोल पंप गूगल मॅप्सवर शोधलात तर 'कायमचे बंद' असं दिसतं. मग काही वर्षांत तिथे इमारत उभी राहते आणि पंप नकाशावरूनही जातो. जमिनीखाली मात्र गोष्ट तिथेच संपत नाही.

पंपाचं इंधन जमिनीत पुरलेल्या टाक्यांमध्ये असतं. जुनी स्टीलची टाकी किंवा पाइप गंजला की पेट्रोल हळूहळू झिरपतं. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून भूजलावर तरंगतं. पण त्यातलं बेंझिन पाण्यात विरघळतं आणि पाण्यासोबत पुढे जातं. बेंझिनमुळे कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे फक्त 10 मायक्रोग्रॅम. एवढ्या कमी प्रमाणात ना वास येतो, ना चव लागते.

मग कळणार कसं? जागेभोवती निरीक्षण विहिरी खणून. भूजल कुठल्या दिशेने वाहतंय हे ठरवायला किमान तीन लागतात. त्यातलं पाणी ठरावीक काळाने लॅबमध्ये तपासायचं आणि आकडा वाढतोय की घटतोय ते बघायचं. पुण्यात हे आणखी अवघड आहे, कारण आपल्याखाली बेसाल्टचा कातळ आहे. पाणी त्याच्या भेगांमधून वाहतं. त्यामुळे शेजारची बोअर स्वच्छ आणि लांबची दूषित, असंही होऊ शकतं.

2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा विहिरी आणि टँकरच्या पाण्याचे नमुने घेतले गेले. तो शोध जंतूंचा होता. जंतूंच्या चाचणीत बेंझिन दिसत नाही, त्याची चाचणी वेगळी सांगावी लागते.

त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नवे नियम आणले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची. लोकांच्या तक्रारीवरूनही जागा यादीत येऊ शकते. पण ज्याला वास नाही, रंग नाही, त्याची तक्रार करणार कोण?

इंजिनिअर म्हणून मला हा आधी डेटाचा प्रश्न वाटतो. पंपाच्या टाकीला पेसो या केंद्रीय यंत्रणेचा परवाना लागतो आणि अर्जासोबत जागेचा नकाशाही द्यावा लागतो. म्हणजे टाक्या कुठे होत्या याची नोंद सरकारदरबारी झालेली असते. कॅलिफोर्नियात 'जिओट्रॅकर' या सरकारी साइटवर गळक्या टाक्यांच्या जागा आणि निरीक्षण विहिरींचे आकडे कुणालाही मोबाइलवर बघता येतात. आपल्याकडेही बंद पंपांची यादी खुली करून ती बोअरच्या नकाशावर टाकली, तर आधी कुठे तपासायचं ते लगेच कळेल.

तोवर एवढं करा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्येष्ठांना विचारा, 'इथे आधी पंप होता का हो?' उत्तर 'हो' आलं आणि बोअरचं पाणी वापरात असेल, तर लॅबला बेंझिनची चाचणी स्पष्ट सांगा. नेहमीच्या रिपोर्टमध्ये ती असेलच असं धरून चालू नका.