विश्लेषण : टोयोटा, निसान, टेस्लाने कॅलिफोर्निया का सोडले? मुख्यालय हलल्याने काय स्वस्त झाले, आणि कोणासाठी?

सोमवार, २८ एप्रिल २०१४. टोयोटाच्या उत्तर अमेरिका विभागाचे तत्कालीन प्रमुख जिम लेंट्झ यांनी कर्मचाऱ्यांना एक निर्णय सांगितला. कॅलिफोर्नियातील टॉरन्स शहरात अनेक दशके असलेले कंपनीचे अमेरिकी मुख्यालय टेक्सासमधील प्लेनो येथे हलणार होते. अंतर सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर. हजारो कर्मचाऱ्यांसमोर एकच प्रश्न होता : सोबत जायचे की नोकरी सोडायची?

अशा बातमीचा मथळा बहुतेक वेळा ठरलेला असतो. ‘महागडे राज्य सोडून कंपनी स्वस्त राज्यात.’ त्यावरून करांचे राजकारण रंगते. एक राज्य दुसऱ्याला टोमणे मारते. मात्र मुख्यालय हलल्यावर नक्की काय स्वस्त होते, याचा हिशेब मांडला तर चित्र बरेच वेगळे दिसते.

कोणकोणत्या कंपन्या हलल्या?

सुरुवात निसानने केली. कार्लोस घोन यांच्या काळात, नोव्हेंबर २००५ मध्ये, कंपनीने कॅलिफोर्नियातील गार्डेना येथील उत्तर अमेरिका मुख्यालय टेनेसी राज्यात नेण्याची घोषणा केली. सुमारे १,३०० पदे हलणार होती. आधी नॅशव्हिल शहरात तात्पुरते कार्यालय थाटले गेले आणि २००८ मध्ये जवळच्या फ्रँकलिन येथे नवी इमारत सुरू झाली.

त्यानंतर २०१४ मध्ये टोयोटाची घोषणा झाली. जानेवारी २०१५ मध्ये मर्सिडीज-बेन्झने न्यू जर्सीतील माँटव्हेल सोडून जॉर्जिया राज्यातील अटलांटा परिसर निवडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेस्लाच्या भागधारकांच्या सभेत इलॉन मस्क यांनी पालो आल्टोहून ऑस्टिनला जाण्याचे जाहीर केले. १ डिसेंबर २०२१ पासून टेस्लाचे अधिकृत मुख्यालय टेक्सासमध्ये आहे.

कंपनीचा कर वाचतो का?

कॅलिफोर्नियात कंपन्यांच्या नफ्यावर ८.८४ टक्के राज्य कर आहे. टेक्सासमध्ये कंपनी प्राप्तिकर नाही, त्याऐवजी उलाढालीशी जोडलेला ‘फ्रँचायझी टॅक्स’ आहे. वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. पण खरी गोम कर मोजण्याच्या पद्धतीत आहे.

अनेक राज्यांत धंदा करणाऱ्या कंपनीच्या नफ्यातील किती वाटा आपल्या राज्याचा, हे प्रत्येक राज्य एका सूत्राने ठरवते. निसान गेली तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सूत्रात विक्रीबरोबरच त्या राज्यातील मालमत्ता आणि पगारखर्चही धरला जात असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन ३९’ मंजूर केले आणि २०१३ पासून बहुतेक कंपन्यांसाठी केवळ विक्री हा निकष उरला.

म्हणजे टोयोटाने घोषणा केली, त्या वेळी मुख्यालय कुठे आहे यावर कॅलिफोर्नियाचा कंपनी कर अवलंबून नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये जितक्या गाड्या विकल्या जातील, त्या प्रमाणात कर भरावाच लागणार. मुख्यालय टॉरन्सला असो, प्लेनोला असो वा टोकियोत.

मग बचत कुठे होते?

पहिली जागा म्हणजे कर्मचाऱ्याचा खिसा. कॅलिफोर्नियात वैयक्तिक प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे. तो दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्नाच्या टप्प्यावर लागतो. चांगला पगार असलेल्या अभियंत्यालाही उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर ९.३ टक्के द्यावे लागतात. टेक्सास आणि टेनेसीत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही. त्यामुळे पगार न वाढवताही कर्मचाऱ्याच्या हातात जास्त रक्कम पडते.

दुसरी जागा घरांची. टॉरन्स परिसरात ज्या किमतीत बेताचे घर मिळत होते, त्या किमतीत तेव्हा प्लेनोत प्रशस्त बंगला येत असे. नव्या माणसाला कामावर घेताना ‘इथे घर परवडेल का?’ हा प्रश्न कंपनीला छळत नाही. मस्क यांनीही २०२१ मध्ये घरांच्या किमती आणि लांबून करावा लागणारा रोजचा प्रवास हीच कारणे पुढे केली होती.

पण याला दुसरी बाजू आहे. टेक्सासमध्ये प्राप्तिकर नसल्याने स्थानिक संस्थांचा आणि शाळांचा मोठा भार मालमत्ता करावर असतो आणि त्याचे दर चढे आहेत. कॅलिफोर्नियात १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’मुळे घराचे करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनीच वाढते. वीस वर्षांपूर्वी टॉरन्समध्ये घर घेतलेल्या माणसाचा मालमत्ता कर त्यामुळे अगदी कमी असतो. तो घर विकून टेक्सासला गेला, की ही सवलत संपते. भाड्याने राहणाऱ्या तरुण कर्मचाऱ्यासाठी प्लेनो स्वस्त ठरते. जुन्या घरमालकाचे गणित इतके सरळ नसते.

टोयोटाला टेक्सासने किती पैसे दिले?

राज्याच्या ‘टेक्सास एंटरप्राइज फंड’मधून ४ कोटी डॉलर देऊ करण्यात आले. अपेक्षित ४,००० पदांचा विचार केला, तर प्रत्येक पदामागे १०,००० डॉलर. प्लेनो शहरानेही मालमत्ता करात सवलत दिली. रक्कम मोठी वाटते, पण नव्या संकुलाचा खर्च सुमारे १०० कोटी डॉलर होता. म्हणजे राज्याचा निधी बांधकाम खर्चाच्या जेमतेम चार टक्के. सवलतींमुळे आपण टेक्सास निवडले नाही, असे लेंट्झ यांनी तेव्हाच सांगितले होते.

मग टोयोटा गेली कशासाठी?

याचे उत्तर टॉरन्सपेक्षा केंटकी राज्यातील अर्लँगर येथे सापडते. टोयोटाचा अमेरिकेतील कारभार विभागलेला होता. विक्री आणि वित्तपुरवठा टॉरन्समध्ये, तर उत्पादनाचे मुख्यालय अर्लँगरमध्ये. २०१४ च्या निर्णयात अर्लँगरची सुमारे १,६०० पदेही हलली. काही केंटकीतच जॉर्जटाऊनला, काही मिशिगनला आणि बरीचशी प्लेनोला. केंटकी हे काही महागडे राज्य नाही. केवळ स्वस्ताईसाठी हा खटाटोप असता, तर अर्लँगर बंद करण्याचे कारणच नव्हते.

कंपनीला विक्री, उत्पादन आणि वित्त एका छताखाली हवे होते. कारखाने केंटकी, इंडियाना, टेक्सास, मिसिसिपी या पट्ट्यात उभे राहिले होते. कॅलिफोर्नियात जनरल मोटर्ससोबत चालवला जाणारा फ्रिमाँटचा कारखाना २०१० मध्येच बंद झाला होता. हाच कारखाना पुढे टेस्लाने घेतला. टोयोटाने १९५७ मध्ये हॉलिवूडमध्ये पहिले कार्यालय उघडले, तेव्हा गाड्या जपानहून जहाजाने येत. त्या काळी बंदराजवळ बसणे सोयीचे होते. गाड्या अमेरिकेतच बनू लागल्यावर ते कारण मागे पडले.

निसान आणि मर्सिडीजच्या बाबतीतही हेच दिसते. निसानचा स्मर्ना येथील कारखाना १९८३ पासून टेनेसीत आहे. मर्सिडीजचा कारखाना जॉर्जियाला लागून असलेल्या अलाबामात आहे. मुख्यालय कारखान्यांच्या जवळ गेले, आणि ते ठिकाण स्वस्तही निघाले. याउलट होंडाने टोयोटा गेल्यानंतरही टॉरन्स सोडले नाही. ह्युंदाईने तर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातच, फाउंटन व्हॅली येथे, नवे मुख्यालय बांधले. कर सर्वांना सारखेच होते, निर्णय मात्र वेगळे झाले.

कर्मचाऱ्यांच्या वाट्याला काय आले?

निसानसोबत निम्म्याहून कमी कर्मचारी टेनेसीला गेले. टोयोटाच्या बाबतीत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेले. फरक का पडला? टोयोटाने तयारीला वेळ दिला. घोषणा २०१४ ची आणि प्लेनोच्या संकुलाचे उद्घाटन जुलै २०१७ मध्ये. स्थलांतराचा खर्च देऊ केला गेला. मुलाचे शालेय वर्ष पूर्ण करणे, घर विकणे, जोडीदाराची नोकरी शोधणे यासाठी तीन वर्षे मिळणे आणि काही महिने मिळणे यात मोठे अंतर आहे.

तरीही या टक्केवारीत सगळे येत नाहीत. जोडीदाराची नोकरी हलू शकत नाही, आईवडील थकलेले आहेत, मूल बारावीच्या उंबरठ्यावर आहे, अशांना ‘सोबत चला’ हा प्रस्ताव कागदावरच मिळतो. कंत्राटी सफाई कामगार, उपाहारगृहातील कर्मचारी, सुरक्षारक्षक यांच्यापुढे सहसा तो येतही नाही. कंपनीच्या बचतीत एक हिस्सा याच लोकांचा असतो. अनुभवी, जास्त पगाराची माणसे मागे राहतात आणि त्यांच्या जागी नव्या ठिकाणच्या दराने भरती होते. तोट्याचा भागही तोच आहे, कारण वीस वर्षांचा अनुभव ट्रकमध्ये भरून नेता येत नाही.

मागे राहिलेल्या शहराचे काय?

टॉरन्स आणि गार्डेना परिसरात अमेरिकेतील मोठी जपानी वस्ती आहे. तिथली हॉटेले, दुकाने, छोटे पुरवठादार या कंपन्यांच्या पगारावर उभे होते. दुसऱ्या टोकाला, जपानी सुपरमार्केट साखळी मित्सुवाने २०१७ मध्ये प्लेनोत दुकान उघडले. डॅलसजवळच्या प्लेनो आणि फ्रिस्कोची नावे तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही परिचित आहेत. या भागात कंपन्या आल्या, माणसे आली आणि घरांच्या किमतीही चढल्या. स्वस्ताईच्या शोधात सगळे एकाच ठिकाणी पोहोचले, की ते ठिकाण फार काळ स्वस्त राहत नाही.

टेस्लाने कॅलिफोर्निया खरेच सोडले का?

पूर्णपणे नाही. फ्रिमाँटचा कारखाना सुरूच राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये टेस्लाने पालो आल्टो येथे जागतिक अभियांत्रिकी मुख्यालय असेल, असे जाहीर केले आणि त्या वेळी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम मस्क यांच्यासोबत होते. टोयोटाचा ‘कॅल्टी’ हा डिझाइन स्टुडिओही कॅलिफोर्नियातच राहिला. पत्ता बदलणे सोपे असते. कुशल माणसे ज्या शहरात, ज्या विद्यापीठांभोवती जमलेली असतात, तिथून त्यांना हलवणे अवघड.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

भारतात कंपनी प्राप्तिकर केंद्राचा आहे. त्यामुळे मुख्यालय मुंबईहून दुसऱ्या राज्यात नेले, म्हणून हा कर कमी होत नाही. पगारावर राज्याचा थेट कर म्हणजे व्यवसाय कर, आणि त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये. करसवलतीचा मुद्दा इथे अमेरिकेपेक्षाही दुबळा आहे. उरतात ती घरभाडी, प्रवास, वीज, जमीन आणि मनुष्यबळ.

आपल्या कायद्यात एक तरतूद मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. नोंदणीकृत कार्यालय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचे असेल, तर केंद्राची मंजुरी लागते. त्या अर्जासोबत, या बदलामुळे एकाही कर्मचाऱ्याची कपात होणार नाही, असे प्रतिज्ञापत्र संचालकांना द्यावे लागते. पण नोंदणीकृत कार्यालय म्हणजे कागदावरचा पत्ता. त्याला हात न लावता हजार टेबले दुसऱ्या शहरात नेली, तर ही तरतूद आड येत नाही.

एखादा प्रकल्प शेजारच्या राज्यात गेला, की आपल्याकडे ‘त्यांनी जास्त सवलत दिली’ एवढ्यावर चर्चा थांबते. टोयोटाचा हिशेब पाहता सरकारला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. कारखान्यापर्यंतचा रस्ता किती तासांचा आहे? तिशीतल्या अभियंत्याला कामाच्या जवळ घर परवडते का? आणि कंपनी हललीच, तर ज्यांना सोबत जाता येणार नाही, त्यांना तयारीसाठी किती महिने मिळणार?